बालाघाटातली दरी: पावसाच्या दिवसांनी मोजायची फुलं आणि पाखरं

मराठवाड्यातल्या बालाघाटच्या डोंगररांगेत रानफुलं बघायला कधी यावं, असं कुणी विचारलं तर महिन्याचं नाव सांगून भागत नाही. पाटोदा, मांजरसुंबा, धारूर, येडशी या पट्ट्यात वर्षाचा पाऊस साधारण ६०० ते ८०० मिलिमीटर, आणि तोही सलग पडत नाही. मृगात दोन चांगल्या सरी, मग आठ-पंधरा दिवस कोरडे, आर्द्रात भुरभुर, आश्लेषा-मघात खंड, आणि एखाद्या वर्षी हस्त सगळी कसर भरून काढतो. शेवटचा मोठा पाऊस होऊन किती दिवस झाले आणि मुळाखाली माती किती बोटं आहे, या दोन गोष्टींवर इथलं फूल ठरतं. फुलामागे किडा, गवतामागे दाणा आणि या दोन्हींच्या मागे पाखरू. म्हणून फुलांची वही वेगळी आणि पाखरांची वेगळी ठेवली की दोन्ही अर्धवट राहतात. एकाच वहीत, एकाच वाटेवर दोघांची नोंद ठेवली तर दरीचं गणित हळूहळू सुटायला लागतं.

त्यासाठी अभयारण्यच हवं असं नाही. नायगावचं मयूर अभयारण्य (१९९४ सालचं, सुमारे ३० चौरस किलोमीटर) किंवा येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य (१९९७, सुमारे २२ चौरस किलोमीटर) जवळ असेल तर उत्तमच, फक्त तिथे वनखात्याची परवानगी काढूनच आत जायचं. पण गावामागची कुठलीही दरी चालते. अट एकच, पुन्हा पुन्हा जाता आलं पाहिजे. दहा ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा एका ठिकाणी दहादा गेलेलं कधीही चांगलं.

माळ, उतार, ओढा

बालाघाट म्हणजे काळ्या पाषाणाचे एकावर एक साचलेले थर. माथा सपाट, कडेला पायऱ्या, तळाला ओढा. माथ्यावर खडकावर दोन-चार बोटं माती, उतारावर मुरूम, ओढ्याकाठी वाहून आलेली काळी माती. चांगला पाऊस झाला तरी माथा आठवडाभरात सुकतो, उताराला त्याच्या दुप्पट दिवस ओल पुरते, आणि ओढ्याकाठी ती दिवाळीच्याही पुढे टिकते. त्यामुळे माळावर बी धरलेलं असताना तीच जात उतारावर फुलात आणि ओढ्यापाशी कळीत सापडते. माळावरचं फूल हुकलं तर शंभर पावलं खाली उतरून बघावं.

उतारावर आणखी एक गोष्ट शोधायची. दोन पाषाणथरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी रंगाचा, गेरूसारखा मातकट थर असतो. त्यातून पाणी सहज खाली जात नाही, म्हणून ते आडवं सरकून कडेला झिरपतं. समोरच्या डोंगरावरून पाहिलं की एका पातळीत आडवी हिरवी रेघ दिसते ती हीच. तेरडा आणि नेचे त्या रेघेवर सगळ्यात आधी येतात, आणि पावसाने ओढ दिली की बुलबुल, दयाळ, सातभाई तिथल्याच ओलाव्यावर पाण्याला उतरतात. आपल्या वाटेने ही रेघ एकदा तरी ओलांडली पाहिजे.

वाट एक ते दीड किलोमीटरची पुरे. माळावर एक थांबा, उतारावर एक, ओढ्यात एक. प्रत्येक थांब्यावर पंधरा मिनिटं न हलता पाखरं, आणि थांब्यांच्या मधे चालताना दिसतील ती वेगळी लिहायची. सुरुवात सूर्योदयाला माळावरून करावी. चंडोल, तित्तिर, टिटव्या यांची खरी गडबड पहिल्या तासातच असते. ओढ्यात ऊन उशिरा पोचतं, त्यामुळे तिथली पाखरं आठ-साडेआठपर्यंत हलती राहतात. उतरताना पाखरं आणि चढताना फुलं, असा क्रम ठेवला की दोन्ही साधतं. मात्र केना आणि विष्णुक्रांता दुपारी मिटतात, म्हणून फुलांची मोजणी अकराच्या आत आटोपायला हवी. दुपारी दोनला माळावर जाऊन "इथे काहीच नाही" असं लिहिणारे पुष्कळ भेटतात. फूल तिथेच असतं, पण मिटलेलं.

फुलं मोजायला चौकट लागते. सव्वाचार मीटर सुतळी घ्या, दर मीटरला गाठ मारा, उरलेल्या टोकांची गाठ बांधून कडी करा. चार कोपऱ्यांना सहा इंची खिळे ठोकून ती ताणली की एक चौरस मीटर झाला. खिळे वर्षभर तिथेच ठेवायचे, डोकी जमिनीला टेकलेली, आणि एका कोपऱ्याशी चुन्याची खूण केलेला दगड. सुतळी प्रत्येक वेळी सोबत न्यायची. चौकट टाकताना फुलं जिथे दाट दिसतात तिथे हात आपोआप जातो, आणि मग वर्षभराची नोंद त्या सुंदर तुकड्याची होते, माळाची होत नाही. म्हणून आधीच ठरवावं की वाटेपासून डावीकडे वीस पावलं, जे येईल ते. खडक आला तरी खडकच. मोजायला बसताना नेहमी एकाच बाजूने जावं, नाहीतर पायदळी पडून चौकटीच्या चारी कडा महिन्याभरात टक्कल होतात.

प्रत्येक चौकटीत प्रत्येक जातीचे तीन आकडे लिहायचे: कळीतली झाडं, उमललेली झाडं, फळ धरलेली झाडं. नुसतं "फुललंय" लिहिलं तर पुढच्या वर्षी त्यातून काहीच कळत नाही. मातीची खोली पहिल्या दिवशी एकदाच मोजायची. बारीक सळई चार कोपऱ्यांत आणि मध्ये दगड लागेपर्यंत खुपसायची आणि पाचांची सरासरी काढायची. पाच सेंटिमीटरच्या आतली माती असेल तर तिथे झटपट उगवून झटपट बी टाकणारी झाडं, त्याहून खोल असेल तर कंदवाले आणि गवतं, आणि हातभर खोल असेल तर तरवडासारखी झुडपं. हा ढोबळ ठोकताळा आपल्या भागात चांगला चालतो.

पावसाचा आकडा महसूल मंडळाच्या ठिकाणचा मिळतो, पण एका डोंगराआड कोरडं आणि दुसऱ्याआड ओढे भरून वाहतायत, असं नेहमीचंच. म्हणून स्वतःचं साधं मापक दरीजवळच्या एखाद्या शेतात ठेवावं. सरळ बाजूंचा, वर-खाली सारख्याच घेराचा डबा घ्यायचा. त्यात साचलेल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजली की तोच पाऊस. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर डबा हवा. रोज जाणं जमत नसेल तर डब्यात चमचाभर खाद्यतेल टाकावं. तेलाचा तवंग बाष्प उडू देत नाही. मोजताना तवंग सोडून मोजावं.

मृगाच्या आधी आणि मृगात

रोहिणीच्या उन्हात माळ मेल्यासारखा दिसतो, पण माळटिटवीचा विणीचा काळ तोच. चार ठिपकेदार अंडी उघड्या मुरुमावर, घरटं म्हणावं असं काही नाही. पायाखाली गेली तरी कळत नाही. डोळ्यापासून मागे पांढरी पट्टी आणि चोचीशी पिवळा लोंबता पापुद्रा असलेली टिटवी आपल्यापुढे दुडुदुडु पळत ओरडायला लागली की थांबावं, आलेल्या वाटेने दहा पावलं मागे यावं आणि वळसा घालून जावं. तिथे फोटोसाठी रेंगाळलं तर ती परत बसत नाही, आणि मेच्या उन्हात उघडी पडलेली अंडी फार वेळ टिकत नाहीत.

पहिल्या सरीनंतर काळी मुसळी बघायची. गवताच्या पात्यासारख्या पानांच्या बुडाशी, जमिनीला टेकून, सहा पाकळ्यांची पिवळी चांदणी. उभ्याने दिसत नाही, गुडघे टेकावे लागतात. पाठोपाठ पांढरी मुसळी येते. तिची कोवळी पानं भाजीला खुडतात, तेव्हा पानांवरूनही ती ओळखता यायला हवी.

पाखरांत चातक आणि पावशा हे या दिवसांचे मानकरी. चातक आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांच्या सोबतीने येतो. वरून काळा, खालून पांढरा, डोक्यावर शेंडी, आणि उडताना पंखावर ठसठशीत पांढरा डाग. पावशा मात्र "आला" असं म्हणताना जपून. थंडीत तो गप्प असतो, म्हणून नजरेतून सुटतो. "पेरते व्हा" सुरू झालं की तो असल्याचं कळतं. दोघंही आपली अंडी सातभाईच्या घरट्यात घालतात. अंडी सातभाईच्या अंड्यांसारखीच निळी असतात, त्यामुळे बाहेरून काही उमगत नाही. उमगतं ते श्रावण-भाद्रपदात, सातभाईंचा थवा एका वेगळ्याच पिल्लाला भरवताना दिसतो तेव्हा. त्या पिल्लाला शेंडी आणि पंखावर पांढरा डाग असेल तर चातक, अंगावर शिक्र्याच्या पिल्लासारख्या रेघा-ठिपके असतील तर पावशा. म्हणून जूनपासून सातभाईंचे थवे कुठे फिरतात हे लिहून ठेवावं, दोन महिन्यांनी तिथेच शोधायचं असतं. दरी दाट असेल तर ओढ्याच्या सावलीत पाचोळा उडवणारा नवरंगही याच दिवसांत सापडतो. आधी त्याची दुपदरी शीळ ऐकू येते, पाखरू मागाहून दिसतं.

सुगरणी विहिरीवरच्या आणि ओढ्यावर झुकलेल्या बाभळीवर जूनअखेर कामाला लागतात. नर घरटं अर्ध्यावर, टोपीच्या आकारापर्यंत विणून थांबतो. मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच पुढची नळी होते. म्हणून घरट्यांचा आकडा लिहिताना अर्धी आणि पूर्ण वेगळी मोजा. नुसती "चाळीस घरटी" म्हणजे चाळीस संसार नव्हेत.

आर्द्रा ते मघा: माळाचे दिवस

हे साधारण दहा आठवडे मला सगळ्यात मोलाचे वाटतात. मोठी, दुरून दिसणारी फुलं अजून आलेली नसतात, त्यामुळे गर्दी नसते, आणि बसून बघण्यासारखं सगळं याच वेळी असतं. खडकावरच्या बोटभर मातीत जांभळी आभाळी-नभाळी, मुरुमावर निळी विष्णुक्रांता, वाटेच्या कडेला पिवळी तिळवण, बांधावर केना.

केना सगळ्यांच्या ओळखीचा, पण नीट बघितलेला क्वचितच. दोन निळ्या पाकळ्या मोठ्या, तिसरी लहान आणि फिकट. पान खोडाला जिथे मिठी मारतं तिथे तांबूस केस. आता बुडाशी बोटाने माती हलकेच सारा. खोडापासून निघालेले पांढुरके दोरे मातीत शिरलेले दिसतील आणि त्यांच्यावर बारीक, कधीच न उमलणाऱ्या कळ्या असतील. या कळ्यांमध्ये आतल्या आतच परागीभवन होतं आणि बी तयार होतं. वरचं फूल किड्यांच्या भरवशावर, खालचं कुणाच्याच नाही. पाऊस दगा देईल या हिशेबाने झाडाने केलेली ही तरतूद आहे. खुरपणीत केना वरून उपटला तरी पुन्हा का उगवतो, याचं एक कारण या मातीतल्या बियांत आहे. बघून झालं की माती परत सारखी करावी.

आश्लेषा-मघात उताराच्या खडकाळ, झुडपी भागात दोन वनस्पती शोधाव्यात. एक माकडशिंग. पानं नसल्यासारखी, चौकोनी मांसल दांडी, तिच्यावर लहान काळपट फुलं. त्यांना सडक्या मांसाचा वास येतो आणि माश्या त्यालाच भुलतात. दुसरी कंदीलपुष्पाची वेल, आपल्याकडे जिला खरतुडी म्हणतात ती. फूल जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर. बुडाशी फुगीर, मध्ये नळी, वर पाच पाकळ्यांची टोकं जुळून झालेला पिंजरा. चिलटासारखी बारीक माशी पिंजऱ्यातून आत उतरते. नळीच्या आतले ताठ केस खालच्या दिशेने वळलेले असतात, आत जाणं सोपं, परतायची सोय नाही. फुगीर भागात ती फिरत राहते, परागकणांची पुडी तिला चिकटते. मग केस कोमेजतात, फूल झुकतं आणि माशी सुटून दुसऱ्या फुलाकडे जाते. फूल ताठ आहे की झुकलंय यावरून आत कैदी आहे की सुटलाय याचा अंदाज बांधता येतो, त्यासाठी ते चिरायची गरज नाही. भिंगातून नळीच्या तोंडाशी बघितलं की केस दिसतात. या वेलीचे कंद गुराखी खातात, शेळ्या वरचा भाग खातात, आणि हल्ली हौसेने कुंडीत लावायलाही खणून नेतात. कुंडीत ती बहुधा जगत नाही. जागा कुणालाही सांगू नये.

कळलावीही याच दिवसांत झुडपांवर चढते. पाकळ्या खालून पिवळ्या, वरून लाल, पानांची टोकं वेटोळी. सगळी वेल विषारी, कंद तर सगळ्यात जास्त. लहान मुलं सोबत असतील तर आधीच सांगून ठेवावं.

ओल्या रेघेवर तेरडा गुलाबी होतो. "तेरड्याचा रंग तीन दिवस" ही म्हण इथे शब्दशः घेऊ नका. एक फूल लवकर गळतं, पण झाड नव्या कळ्या देत राहतं, आणि रेघ ओली असेपर्यंत उतार गुलाबी राहतो.

मग खंड पडतो. लोक तेव्हा जाणं थांबवतात, पण खरं बघायचं तेव्हाच असतं. कोणती जात कितव्या दिवशी मान टाकते, कोणती पानं मिटून तग धरते, कोणती घाईने बी धरते, हे खंडातच दिसतं. शेवटच्या १० मिलिमीटरच्या वरच्या पावसापासूनचे दिवस वहीत वरच्या कोपऱ्यात लिहा. तारखेपेक्षा हा आकडा पुढे जास्त कामाला येतो.

पाखरांत या दिवसांत चितूर तित्तिर दगडावर किंवा झाडाच्या खालच्या फांदीवर चढून आवाज देतो, डोंबारी चंडोल सरळ वर चढून मुटका टाकतो आणि पुन्हा वर उसळतो. खडकाळ कड्यांवर युवराज शोधावा. चकचकीत काळा, पंख आणि शेपटी तपकिरी-तांबडी, डोक्यावर टोकदार तुरा. इतकं देखणं पाखरू आपल्या उजाड म्हटल्या जाणाऱ्या डोंगरात राहतं आणि आजूबाजूच्या गावांत त्याचं नाव क्वचितच कुणाला माहीत असतं, याचं वाईट वाटतं.

उत्तरा-हस्त: तरवड, कुर्डू आणि कुसळं

घटस्थापनेच्या सुमारास तरवड भरात येतो. नवरात्रात माळेसाठी फुलं तोडायला बायका पहाटेच येतात, म्हणून वाटेकडेच्या झुडपांवरची मोजणी या नऊ दिवसांत फसते. आतल्या बाजूचं झुडूप निवडा. तरवडाच्या फुलात मध नसतो. दहा पुंकेसरांपैकी वरचे तीन खुजे, खालचे लांब आणि बाकदार. लांब केसरांच्या टोकाला बारीक छिद्रं असतात, पराग त्यातूनच बाहेर येतो. काळा भुंगा येऊन केसरांना बिलगतो आणि पंख न हलवता अंग थरथरवतो. तेवढ्या क्षणापुरता त्याच्या गुणगुणीचा सूर एकदम चढतो आणि परागाचा फवारा त्याच्या पोटावर उडतो. दोन हातांवर शांत उभं राहिलं तर सूर बदललेला स्पष्ट ऐकू येतो. फुलात मध नाही हे ठाऊक असलं की तरवडावर शिंजीर दिसल्यावर "मध पितोय" अशी नोंद होत नाही. तो तिथे कोळी आणि किडे टिपायला येतो.

शिंजिराबद्दल इथेच सांगून टाकतो. विणीनंतर जांभळ्या शिंजिराचा नर जांभळा राहत नाही. पोट पिवळट होतं आणि गळ्यापासून खाली एक गडद रेघ उरते. नवखे त्याला मादी लिहितात किंवा वेगळीच जात समजतात. गळ्यावरची रेघ पाहा, प्रश्न मिटतो.

कुर्डूचं कणीस खालून वर फुलतं. वरचं टोक गुलाबी, खालचा भाग वाळून रुपेरी, आणि त्या रुपेरी भागात काळं चकचकीत बी. मुनिया खालूनच सुरुवात करतात. म्हणून कुर्डूच्या पट्ट्याशी आपण पोचायची वेळ म्हणजे निम्मं कणीस रुपेरी झाल्यावर, सकाळच्या पहिल्या दोन तासांत. पांढऱ्या कंठाच्या आणि ठिपकेवाल्या मुनिया हमखास, ओढ्याजवळ नशिबात असेल तर लाल मुनियाही.

गवत या वेळी कमरेला लागतं. कुसळीचं कुसळ ओल लागली की पिळतं-उलगडतं आणि स्वतःला मातीत स्क्रूसारखं फिरवत नेतं. मोज्यातही ते तसंच शिरतं. लोकरीचे किंवा जाळीचे मोजे नकोत. घट्ट विणीची गुळगुळीत पँट आणि तिचा पायघोळ बुटाच्या वरून. घरी आल्यावर मोज्यातली कुसळं अंगणात झटकू नका, गोळा करून जाळा, कारण दरीतलं बी आणि त्यासोबत आलेलं गाजरगवताचं बी दारात उगवतं.

हिवाळ्यापासून पळसापर्यंत

पळस मैना, गावाकडच्या भोरड्या, ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच दिसू लागतात आणि ज्वारी निसवली की त्यांचे थवे खाली शेतात उतरतात. माळावर भोवत्या हा शिकारी पक्षी गवताला घासून तरंगत जातो. तो रात्री गवतातच जमिनीवर मुक्कामाला उतरतो, त्यामुळे संध्याकाळी त्या तुकड्यात शिरू नये. कड्यावर खरूची हा छोटा ससाणा, बाभळीच्या काट्याला टोळ खोचून ठेवणारा खाटीक, ओढ्यात काटेरी कोळशिंद्याची जांभळी फुलं. कड्याच्या कपारीत शृंगी घुबडाचं घरटं असलं तर ती बाजू मार्चअखेरपर्यंत टाळावी आणि त्याची बातमी गावात करू नये. घुबडाभोवती अजूनही नको त्या समजुती आहेत.

फेब्रुवारीत पळस फुलला की वाट सोडून एकाच झाडाखाली तासभर बसणं जास्त फायद्याचं. कोण आलं एवढं लिहून थांबू नका, कसं बसलं तेही लिहा. फुलाच्या समोरून चोच घातली तर परागकण अंगाला लागतात. बाजूने देठाशी भोक पाडलं तर मध मिळतो आणि झाडाला त्याचा काही उपयोग होत नाही. भोरड्या, साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, कोतवाल, पोपट आणि खारी, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पोपट तर फूलच तोडून टाकतो. एप्रिलमध्ये भोरड्या उत्तरेला निघून जातात.

त्यानंतर उरतं पाणी. ओढ्यातल्या शेवटच्या डबक्याशी सकाळी पखुर्ड्या येतात, सूर्योदयानंतर तास-दोन तासांनी. नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून ते पाणी पिल्लांकडे नेतो. त्यासाठी डबक्यापासून निदान पन्नास पावलांवर, उजेड येण्याआधीच बसलेलं असावं लागतं. उशिरा पोचून त्यांना उठवलं तर ती पाण्याविना परततात.

ओळख, फोटो, धोके

दुर्बीण ८×४२ पुरते. घेताना ती दोन मीटरवरचं स्पष्ट दाखवते का तेवढं बघा, मग फुलपाखरं आणि फुलांवरचे किडेही तिनेच बघता येतात. मोबाइलने फुलाचा फोटो काढताना पिवळा आणि पांढरा रंग उन्हात भाजून निघतो, पाकळीच्या शिरा दिसत नाहीत. स्क्रीनवर फुलाच्या जागी बोट टेकवून उजेड कमी करा किंवा स्वतःची सावली पाडा. नुसत्या फुलाच्या फोटोवरून ओळख पटत नाही. अख्खं झाड, पानांची मांडणी, फूल समोरून आणि बाजूने, असेल तर फळ, आणि मापासाठी शेजारी पट्टी, एवढं हवंच. निसर्गनोंदींच्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाकताना कंदीलपुष्प, कळलावी, आमरी (ऑर्किड) यांची जागा धूसर ठेवा. पक्षीनोंदींच्या ईबर्डवर घुबडाच्या घरट्याचा नेमका ठिपका नको. मोबाइलवर आवाज लावून पाखरू बोलावणं विणीच्या दिवसांत अजिबात नको. नवरंग हद्द राखायला धावत येतो आणि तेवढा वेळ त्याचं घरटं उघडं पडतं.

धोक्यांत मी सगळ्यात वर वीज ठेवतो. मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर ढग जमायला लागले की माळ सोडायचा, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. दगडांमध्ये फुरसं असतं आणि ते लहान असल्याने दिसत नाही. हात न बघता कपारीत घालू नये, दगड उलटला तर होता तसाच परत ठेवावा. वर पाऊस पडला की ओढ्याला खाली ऊन असतानाही लोंढा येतो. कड्यावर आग्या मोहळ असेल तर त्या दिवशी अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. माळावर नारिंगी-पिवळा कॉसमॉस फुललेला दिसला की लोक रानफुलांचा गालिचा म्हणून फोटो टाकतात, काही जण तर हौसेने बी फेकतात. ते आपलं रान नाही. मेक्सिकोकडचं ते झाड एकदा पसरलं की त्याच्या सावलीत विष्णुक्रांता आणि आभाळी उगवत नाहीत. गाजरगवत, घाणेरी, वेडी बाभूळ यांचंही तेच. चौकटीत ही झाडं आली तर ती उपटायचा मोह आवरा, आधी मोजा, चौकटीबाहेरची मात्र फुलायच्या आत काढा. आणि माळाला "पडीक" म्हणून त्यावर सरसकट खड्डे खणून झाडं लावणं हे धाविक, माळटिटवी आणि चंडोल यांचं घर मोडणं आहे. झाडं लावायला ओढ्याचा काठ आहे, उताराचा खालचा भाग आहे, बांध आहेत. ग्रामसभेत वृक्षलागवडीची जागा ठरते तेव्हा माळावरच्या पाखरांची एका वर्षाची यादी हातात असेल, तर बोलण्याला वजन येतं.

दुसऱ्या वर्षी काम हलकं होतं. वाट, थांबे, चौकटी तयार असतात, फक्त मृगाच्या आधी खिळे जागेवर आहेत का ते तपासावं. गुरांच्या पायाने एखादा हलतोच.